कुलाब्याचे चुंबक आणि विषुववृत्तावरचे वारे

विषुववृत्ताच्या वरच्या आकाशातले वारे ठरावीक काळाने दिशा बदलतात. जमिनीपासून साधारण १६ ते ४० किलोमीटर उंचीवर, म्हणजे स्थितांबरात, वर्षभर किंवा थोडा अधिक काळ वारा पूर्वेकडून वाहतो. मग त्याची जागा पश्चिमेकडून वाहणारा वारा घेतो आणि असा एक फेरा सरासरी २८ महिन्यांत पुरा होतो. ५० किलोमीटरच्या आसपास हाच पालट वर्षातून दोनदा होतो. आणखी वर, ९० ते १५० किलोमीटरच्या थरात, हवेलाच भरती-ओहोटी येते. सूर्याच्या उष्णतेने येणारी भरती चोवीस आणि बारा तासांची असते, चंद्राच्या ओढीने येणारी बारा तास पंचवीस मिनिटांची. यातला एकही वारा जमिनीवरच्या माणसाच्या अंगाला लागत नाही. तरीही त्यांतल्या सर्वांत उंच वाऱ्यांची चाहूल लागली ती जमिनीवर ठेवलेल्या उपकरणांतूनच, आणि ज्या मोजक्या ठिकाणी ही उपकरणे पिढ्यान्‌पिढ्या न चुकता वाचली गेली त्यांत मुंबईच्या दक्षिण टोकावरची कुलाबा वेधशाळा येते.

ही वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये स्थापली. हेतू व्यवहाराचा होता. बंदरात येणाऱ्या जहाजांना अचूक वेळ हवी होती आणि त्यासाठी ताऱ्यांचे वेध घ्यायचे होते. तेव्हा कुलाबा हे मुंबईपासून समुद्राने तुटलेले बेट होते. त्याला जोडणारा कॉजवे १८३८ मध्ये पुरा झाला. त्याच सुमारास युरोपात गणितज्ञ गाउस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी जगभर एकाच पद्धतीने व्हावी अशी योजना आखली होती. रॉयल सोसायटीने ती उचलून धरली आणि ब्रिटिश साम्राज्यात ठिकठिकाणी चुंबकमापके रवाना झाली. कुलाब्याला चुंबकीय नोंदी १८४१ मध्ये सुरू झाल्या आणि १८४६ पासून त्या तासातासाला, सलग होऊ लागल्या.

या पहिल्या पर्वात वेधशाळेची सूत्रे एल्फिन्स्टन महाविद्यालयाचे गणिताचे प्राध्यापक आर्थर ऑर्लेबार यांच्याकडे होती. त्यांच्या हाताखाली १८४० मध्ये एक पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा दरमहा ५० रुपयांवर कामाला लागला. तो म्हणजे अलिबागजवळच्या नागावचा केरो लक्ष्मण छत्रे. पुढे पुण्याला जाऊन केरूनाना छत्रे गणित आणि ज्योतिषाचे नामांकित अध्यापक झाले, टिळकांसारखे विद्यार्थी त्यांच्या हाताखालून गेले. पण वेधाची शिस्त त्यांनी कुलाब्यात दहा वर्षे राबून मिळवली होती. ‘दर्पण’कर्ते बाळशास्त्री जांभेकर यांनीही काही काळ या वेधशाळेचा कारभार पाहिला. मराठी प्रबोधनाचा इतिहास लिहिताना वर्तमानपत्रे आणि शाळा यांची नोंद होते. वेधशाळेच्या रात्रपाळीची मात्र होत नाही, आणि ही उणीव भरून निघायला हवी, कारण आधुनिक विज्ञानाशी मराठी माणसाचा पहिला रोजचा संबंध इथे आला.

काम कंटाळवाणे आणि कसोटी पाहणारे होते. रेशमी दोऱ्याने किंवा तारेने टांगलेला पोलादी चुंबक, त्याला जोडलेला लहानसा आरसा, आणि त्या आरशात दिसणारी मोजपट्टी दुर्बिणीतून वाचणारा निरीक्षक. चुंबकाचे वळणे इतके सूक्ष्म की खोलीत लोखंडाचा खिळादेखील चालत नसे. दर तासाला आकडा टिपायचा. चुंबक अस्वस्थ दिसला तर तासाची वाट न पाहता दर काही मिनिटांनी टिपायचा. २ सप्टेंबर १८५९ रोजी सूर्यावरच्या प्रचंड उद्रेकानंतर पृथ्वीवर चुंबकीय वादळ आले, तेव्हा कुलाब्याच्या निरीक्षकांनी ही शिस्त पाळली. क्षैतिज बल, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाचा आडवा घटक, काही काळापुरते सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली गेल्याची त्यांची नोंद २००३ मध्ये अमेरिकी, ब्राझिली आणि मुंबईच्या संशोधकांनी मिळून पुन्हा तपासली. मुंबईकडून त्यांत जी. एस. लखिना आणि शोभना अ‍ॅलेक्स होते. त्या महावादळाचा विषुववृत्ताजवळचा मुख्य पुरावा म्हणून ही नोंद आज जगभर दाखवली जाते.

वादळे कधीतरी येतात. वाऱ्यांच्या गोष्टीत मोल आहे ते शांत दिवसांना. शांत दिवशीही कुलाब्याचा चुंबक स्वस्थ नसे. सूर्य उगवला की क्षैतिज बल वाढू लागे, दुपारच्या आधी ते सर्वांत जास्त होई आणि संध्याकाळपर्यंत मूळ पदावर येई. रात्री जवळपास काहीच घडत नसे. हा चढउतार एकूण बलाच्या जेमतेम हजाराव्या भागाएवढा. पण रोज, त्याच वेळी, त्याच आकाराचा. वायुभारमापकातही अशीच लय होती. उष्ण कटिबंधात हवेचा दाब सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास सर्वाधिक असतो, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी. अलेक्झांडर फॉन हम्बोल्टला दक्षिण अमेरिकेत ही नियमितता पाहून नवल वाटले होते. मुंबईत ती वर्षानुवर्षांच्या आकड्यांनी पक्की झाली. खाऱ्या आणि मतलई वाऱ्यांचा फेरा चोवीस तासांचा, उष्णतेचा फेराही चोवीस तासांचा. मग दाब दिवसातून दोनदा का हेलकावतो? फ्रेडरिक चेंबर्स यांनी मुंबईतील वारा आणि वायुभार यांच्या दैनिक बदलांवरचा आपला प्रबंध १८७३ मध्ये रॉयल सोसायटीतर्फे प्रसिद्ध केला. वेधशाळेचे प्रमुख चार्ल्स चेंबर्स यांनी चुंबकाच्या नोंदींतून चंद्राचा वाटा वेगळा काढण्याचे चिकाटीचे गणित केले आणि १८८७ मध्ये छापले. चंद्राचा परिणाम सूर्याच्या परिणामाहून कितीतरी क्षीण असतो. तो हाती लागायचा तर हजारो दिवसांचे आकडे चांद्र वेळेनुसार पुन्हा मांडून त्यांची सरासरी घ्यावी लागते. हे सारे कागदावर, हाताने.

१८८२ मध्ये दोन कल्पना पुढे आल्या. लॉर्ड केल्विन म्हणाले की सबंध वातावरणाला स्वतःची एक नैसर्गिक लय असावी आणि ती बारा तासांच्या जवळ असल्याने तो हेलकावा फुगत असावा. ही कल्पना विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकली आणि मग मागे पडली. बारा तासांच्या भरतीचे मूळ ओझोन आणि बाष्प जो सूर्यप्रकाश शोषतात त्यात आहे, हे १९६० च्या दशकात ठरले. दुसरी कल्पना बॅलफोर स्ट्यूअर्ट यांची. चुंबकाचा रोजचा चढउतार जमिनीतून येत नसून उंचावरच्या हवेतून येतो, असे त्यांनी विश्वकोशातील एका लेखात सुचवले. वरची हवा वीजवाहक असेल आणि भरती-ओहोटीमुळे ती पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून मागेपुढे सरकत असेल, तर डायनॅमोत होते तशी तिच्यात वीज निर्माण होईल आणि त्या विजेचे चुंबकत्व खाली जाणवेल. अशा वीजवाहक थराचा, म्हणजे आयनांबराचा, तेव्हा कुणाला पत्ताही नव्हता.

कल्पनेला पुराव्याची जोड मिळाली ती १८८९ मध्ये. आर्थर शूस्टर यांनी चार ठिकाणच्या चुंबकीय नोंदी घेतल्या: ग्रिनिच, लिस्बन, सेंट पीटर्सबर्ग आणि मुंबई. गाउसच्या गणिताने पृथ्वीच्या आतून येणारा भाग आणि बाहेरून येणारा भाग वेगळा करता येतो. शूस्टर यांनी तसे केले, आणि मोठा भाग बाहेरचा निघाला. आतला भाग हा बाहेरच्या प्रवाहांनी जमिनीत उठवलेला प्रतिसाद होता. चारांपैकी तीन ठिकाणे युरोपातली. उष्ण कटिबंधाच्या बाजूने साक्ष देणारे एकच स्थानक होते, कुलाबा. तिथल्या नोंदी नसत्या तर वरच्या वाऱ्यांची आणि विद्युत्प्रवाहांची मांडणी विषुववृत्ताकडे कशी वळते हे त्या गणितात दिसलेच नसते. माणसाने शंभर किलोमीटर उंचीवरच्या वाऱ्याचा माग असा प्रथम काढला, आणि त्या तपासात मुंबईचा हात होता.

त्याहून खालच्या, स्थितांबरातल्या वाऱ्याची खबर मात्र एका ज्वालामुखीने दिली. २६ आणि २७ ऑगस्ट १८८३ ला सुंदा सामुद्रधुनीतला क्राकाटोआ फुटला. त्याची राख आणि धूर स्थितांबरात पोचले आणि विषुववृत्तावरून पश्चिमेकडे निघाले. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मद्रास इलाख्यात आणि सिलोनमध्ये सूर्य हिरवा दिसू लागला. होनोलुलूत सेरेनो बिशप यांनी ठिकठिकाणच्या बातम्या जुळवल्या तेव्हा दिसले की धुळीचा हा पट्टा सुमारे तेरा दिवसांत पृथ्वीभोवती फिरून येतो. म्हणजे त्या उंचीवर ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाचे पूर्वेकडून वाहणारे वारे असले पाहिजेत. ‘क्राकाटोआचे पूर्वीय वारे’ हे नाव पुस्तकांत गेले आणि विषुववृत्तावर उंच हवेत वारा नेहमी पूर्वेकडूनच वाहतो असे शिकवले जाऊ लागले. मग १९०८ मध्ये आर्थर बेर्सोन यांनी पूर्व आफ्रिकेत व्हिक्टोरिया सरोवराच्या परिसरातून फुगे सोडले, आणि जवळपास त्याच उंचीवर त्यांना पश्चिमेकडून वाहणारा वारा सापडला. हवामानशास्त्रज्ञांनी दोन्ही निष्कर्ष राखण्याचा खटाटोप केला. पूर्वीय वाऱ्यांच्या अंगात पश्चिमी वाऱ्याची एक बारीक धार असावी असे चित्र काढले गेले आणि ते अर्धे शतक चालले. दोघेही आपापल्या वर्षी बरोबर होते, हा सरळ विचार कुणाला सुचला नाही. वारा एका जागी दोन वर्षे सलग मोजलाच गेला नव्हता. तो बदलतो हे कळणार कसे?

कुलाब्यात या काळात वेगळेच संकट उभे राहिले होते. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ पासून कुलाबा ते पायधुणी धावत होती, तिचा चुंबकांना काही त्रास नव्हता. विसाव्या शतकाच्या तोंडावर ट्राम विजेवर चालवायचे ठरले. गिरगावच्या दाट वस्तीला आणि गिरण्या-चाळींनी भरत चाललेल्या परळ-लालबागला स्वस्त वाहन हवेच होते. पण ट्रामची वीज रुळांवाटे परतताना काही अंशी जमिनीत झिरपते आणि तिचे चुंबकत्व वेधशाळेच्या सूक्ष्म नोंदी बिघडवून टाकते. युरोपातल्या कित्येक वेधशाळांचा असा घात झाला होता. तेव्हाचे संचालक होते नानाभॉय अर्देशीर फ्रामजी मूस. चार्ल्स चेंबर्स यांच्यानंतर १८९६ मध्ये ही जबाबदारी घेणारे मूस वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक म्हणून ओळखले जातात. सुमारे तीस किलोमीटर दक्षिणेला, समुद्रापलीकडे अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभारावी हा पर्याय त्यांनी निवडला. इमारतीला चुंबकत्व नसलेला पोरबंदरी दगड वापरला, लोखंड टाळले. आणि सर्वांत शहाणपणाचा निर्णय म्हणजे १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या. त्यामुळे जुनी मालिका नव्या मालिकेला अचूक जोडता आली आणि १८४० च्या दशकातले आकडे आजच्या आकड्यांशी ताडून पाहता येतात. विजेची ट्राम १९०७ मध्ये सुरू झाली, पुढे तिचे रूळ दादरपर्यंत गेले, ‘दादर टीटी’ हे नाव त्या ट्राम टर्मिनसचेच. तोवर चुंबक सुखरूप पलीकडच्या किनाऱ्यावर होते.

मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदींचे दोन खंड १९१० मध्ये प्रसिद्ध केले. त्यांत शांत दिवसांचा दैनिक फेरा, ऋतूंनुसार त्यात पडणारा फरक, सूर्यावरील डागांच्या अकरा वर्षांच्या चक्राबरोबर त्याचे वाढणे-घटणे, चंद्राचा वाटा आणि वादळे यांचा स्वतंत्र विचार आहे. एका माणसाच्या देखरेखीखाली एका ठिकाणच्या आकड्यांचे इतके सविस्तर विवेचन जगात फार थोड्या वेधशाळांकडून झाले. मूस १९१९ मध्ये निवृत्त झाले.

पुढची तीन-चार दशके वेधशाळेने रोजचे काम चालू ठेवले. जगात मात्र रेडिओलहरींनी आयनांबर सापडले आणि स्ट्यूअर्ट यांची वीजवाहक हवा खरी ठरली. १९२२ मध्ये पेरूतील वांकायो येथे चुंबकीय विषुववृत्तावर दैनिक चढउतार अनपेक्षितपणे मोठा आढळला. सुमारे १०५ किलोमीटर उंचीवर दिवसा पूर्वेकडे वाहणाऱ्या विजेच्या अरुंद झोताचा तो परिणाम होता, आणि सिडनी चॅपमन यांनी त्याला १९५१ मध्ये विषुववृत्तीय इलेक्ट्रोजेट असे नाव दिले. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकावरून जाते. म्हणून आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात, १९५७ मध्ये, कुलाबा वेधशाळेने त्रिवेंद्रम आणि अन्नामलैनगर येथे नवी केंद्रे सुरू केली. अलिबागपासून त्रिवेंद्रमपर्यंत चुंबकांची एक रांग उभी राहिली, आणि रोजचा वारा दक्षिणेकडे सरकताना विजेच्या रूपाने कसा फुगत जातो हे तिच्यातून वाचता येऊ लागले.

स्थितांबराचे कोडे सुटले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. अणुस्फोटांच्या चाचण्यांसाठी पॅसिफिकमधल्या बेटांवर वाऱ्यांची माहिती हवी होती, म्हणून तिथे रेडिओ फुगे रोज सोडले जाऊ लागले. हेतू विनाशाचा होता. नोंदी मात्र उष्ण कटिबंधात पूर्वी कधी नव्हत्या इतक्या सलग मिळाल्या. त्या पाहून अमेरिकेत रिचर्ड रीड आणि ब्रिटनमध्ये आर. ए. एब्डन यांनी १९६० मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, सांगितले की विषुववृत्ताच्या माथ्यावरचे वारे, तेव्हाच्या नोंदींनुसार सुमारे सव्वीस महिन्यांच्या फेऱ्यात, आलटून पालटून पूर्वेचे आणि पश्चिमेचे होतात. हा बदल वरून सुरू होतो आणि महिन्याला साधारण एक किलोमीटर या गतीने खाली उतरतो. तळाशी पश्चिमी वारे असतानाच माथ्यावर पूर्वीय वारे जमू लागलेले असतात. क्राकाटोआ आणि बेर्सोन या दोघांचा वाद असा मिटला. लवकरच या दोलनाला क्वासी-बायेनियल ऑसिलेशन हे नाव रूढ झाले, थोडक्यात क्यूबीओ.

क्यूबीओ ही विषुववृत्ताची चीज आहे. उत्तरेला किंवा दक्षिणेला बारा अंशांपर्यंत गेले की त्याचा जोर निम्म्यावर येतो, आणि मुंबई एकोणीस अंशांवर आहे. गिरगाव चौपाटीच्या थेट वर स्थितांबरात ऋतूंचा पालट जास्त ठळक असतो, हिवाळ्यात पश्चिमी आणि उन्हाळ्यात पूर्वीय. क्यूबीओचे खरे घर भारतीयांना भेटले ते केरळात. अंतराळ संशोधनाची राष्ट्रीय समिती १९६२ मध्ये अणुऊर्जा खात्याखाली स्थापन झाली. ते खाते मुंबईत होते, होमी भाभा त्याचे प्रमुख होते, आणि समितीची धुरा विक्रम साराभाईंकडे होती. त्यांनी चुंबकीय विषुववृत्तावरचे थुंबा निवडले. २१ नोव्हेंबर १९६३ च्या संध्याकाळी तिथून उडालेल्या पहिल्या नाइकी-अपाची अग्निबाणात फ्रेंच शास्त्रज्ञांनी दिलेली सोडियमची वाफ होती. उंचावर ती सोडली की मावळत्या प्रकाशात ती केशरी चमकते, वाऱ्याबरोबर वाकते, आणि जमिनीवरच्या कॅमेऱ्यांनी तिची छायाचित्रे घेऊन वाऱ्याचा वेग काढता येतो. भारताच्या अवकाश कार्यक्रमाचा पहिला प्रयोग विषुववृत्तावरच्या उंच वाऱ्यांचाच होता, ही गोष्ट अग्निबाणांच्या पुढच्या पराक्रमांत झाकली गेली आहे.

१९७० च्या अखेरीपासून थुंबाहून दर आठवड्याला सोव्हिएत एम-१०० अग्निबाण सोडले जाऊ लागले आणि हा नेम १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चालला. ८० किलोमीटरपर्यंतचा वारा आणि तापमान त्यांतून मिळे. रीड यांनी १९६६ मध्ये दक्षिण अटलांटिकमधल्या असेन्शन बेटावरच्या नोंदींतून सहामाही दोलनाचे वर्णन केले होते: ५० किलोमीटरच्या आसपास विषुवदिनांनंतर पश्चिमी वारे, अयनदिनांच्या सुमारास पूर्वीय. असेन्शन विषुववृत्ताच्या आठ अंश दक्षिणेला, थुंबा साडेआठ अंश उत्तरेला. थुंबाच्या आठवडी नोंदींमुळे विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांची तुलना करता आली.

वारे असे का वागतात, याचे उत्तर रिचर्ड लिंडझेन आणि जेम्स होल्टन यांनी १९६८ मध्ये दिले आणि १९७२ मध्ये सुधारले. विषुववृत्तावरच्या ढगांच्या गडगडाटी उसळीतून हवेत लाटा उठतात. काही पूर्वेकडे धावतात, काही पश्चिमेकडे, आणि सगळ्या वर चढतात. लाट आपल्याबरोबर गती वाहून नेते. तिच्या वेगाशी जुळणारा वारा भेटला की ती तिथेच विरते आणि आपली गती त्या वाऱ्याला देऊन टाकते. पश्चिमी वारे पूर्वेकडे जाणाऱ्या लाटा अशा तऱ्हेने गिळतात आणि त्यांच्या खालच्या कडेला गती साठत गेल्याने ते हळूहळू खाली उतरतात. पश्चिमेकडे जाणाऱ्या लाटा मात्र त्यांच्यातून पार होऊन वर पोचतात आणि तिथे पूर्वीय वारे घडवू लागतात. खालचा थर तपांबराच्या सीमेवर विरघळला की वरचा त्याची जागा घेतो. म्हणजे या फेऱ्याला सूर्याच्या किंवा ऋतूच्या कालगणनेची गरजच नाही; लाटा आणि वारे यांच्या आपसातल्या देवघेवीतून तो उपजतो. म्हणून त्याचा काळ कधी बावीस महिने भरतो, कधी चौतीस. प्लंब आणि मॅकइवन यांनी १९७८ मध्ये खाऱ्या पाण्याच्या वर्तुळाकार टाकीत कृत्रिम लाटा उठवून हा प्रवाहपालट प्रयोगशाळेत दाखवला.

नेमक्या १९६८ साली मुंबईकरांचा एक निष्कर्ष या चर्चेत आला. कुलाबा-अलिबागच्या परंपरेतले ए. याकोब आणि बी. एन. भार्गव यांनी शांत दिवसांतील क्षैतिज बलाच्या दैनिक पल्ल्यात सव्वीस महिन्यांची आवर्तने दाखवली. तीच आवर्तने त्यांना सूर्यावरील डागांच्या संख्येतही दिसली. मग चुंबकातला हा ताल सूर्याचा की खालून चढणाऱ्या वाऱ्यांचा? चुंबकाच्या नोंदीत दोन्ही गोष्टी एकत्र येतात. सूर्याच्या किरणांनी आयनांबर अधिक वीजवाहक होते तेव्हाही पल्ला वाढतो आणि भरतीचे वारे जोर धरतात तेव्हाही. हा गुंता केवळ चुंबकांनी सुटणारा नव्हता. वारा थेट मोजायला हवा होता.

१९७१ मध्ये कुलाबा वेधशाळेच्या चुंबकीय विभागाची भारतीय भूचुंबकत्व संस्था झाली आणि भार्गव तिचे पहिले संचालक. संस्था पुढे नवीन पनवेलला गेली. तिने १९९२ मध्ये तिरुनेलवेलीजवळ १.९८ मेगाहर्ट्‌झवर चालणारे रडार बसवले. विरळ आयनांबराच्या तळाशी होणाऱ्या क्षीण परावर्तनांवरून ते ७० ते ९८ किलोमीटरच्या पट्ट्यातला वारा दिवसरात्र मोजते. त्याच धाटणीचे दुसरे रडार १९९९ मध्ये कोल्हापूरला, शिवाजी विद्यापीठाच्या आवारात आले. एक विषुववृत्ताजवळ, दुसरे पहिल्यापासून आठ अंश उत्तरेला. चेंबर्स आणि मूस ज्या भरतीचा अंदाज चुंबकाच्या हलण्यावरून घेत होते, ती इथे मीटर प्रति सेकंद अशा मापाने मिळू लागली. आर. राजाराम आणि एस. गुरुबरन यांनी १९९८ मध्ये तिरुनेलवेलीच्या वाऱ्यांचा ऋतुक्रम मांडला. स्थितांबराच्या वर असलेल्या मध्यांबराच्या माथ्याकडे सहामाही दोलन ठळक असते आणि तिथे त्याची दिशा पन्नास किलोमीटरवरच्या दोलनाच्या उलट असते, विषुवदिनांना वारा पश्चिमेकडे वाहतो. काही वर्षी मार्चच्या सुमारास हा वारा विलक्षण जोर धरतो. त्या वर्षांचा संबंध खाली क्यूबीओ कोणत्या टप्प्यावर आहे याच्याशी जोडला जातो, कारण वर चढणाऱ्या लाटांपैकी कोणत्यांना वाट मिळणार हे खालचे वारे ठरवतात.

जमिनीवरच्या माणसांना या सगळ्याचा उपयोग काय, या प्रश्नाने महाराष्ट्रात एक ठोस रूप घेतले. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील बी. के. मुखर्जी आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये क्यूबीओ आणि भारताचा मोसमी पाऊस यांचा संबंध तपासला. त्यानंतर वसंत गोवारीकर आणि सहकाऱ्यांनी मोसमी पावसाच्या दीर्घ पल्ल्याच्या अंदाजासाठी सोळा घटकांचे प्रारूप बनवले. पुण्यात जन्मलेले, थुंबाच्या अग्निबाणांचे घन इंधन घडवणारे आणि मग विज्ञान व तंत्रज्ञान खात्याचे सचिव झालेले गोवारीकर अग्निबाण आणि पाऊस या दोन्ही जगांना सांधणारे होते. त्यांच्या सोळा घटकांत हिमालयावरचा बर्फ होता, एल निन्यो होता, आणि सुमारे ३० किलोमीटर उंचीवरच्या स्थितांबरातला जानेवारीचा वाराही होता. तो मोजला जाई पनामातील बाल्बोआ येथे. हवामान खात्याने १९८८ पासून हे प्रारूप वापरले आणि बरीच वर्षे पाऊस ‘सर्वसाधारण’ राहील हा त्याचा अंदाज टिकला. २००२ मध्ये त्याने सरासरीच्या १०१ टक्के पाऊस सांगितला आणि प्रत्यक्षात ८१ टक्के झाला. पुढच्या वर्षापासून खात्याने प्रारूप बदलले. स्थितांबराचा वारा आणि मोसमी पाऊस यांचा धागा पूर्णपणे काल्पनिक नाही, पण एका जानेवारीतल्या वाऱ्यावर पूर्ण हंगामाचा भार टाकावा इतका तो पक्काही नाही. दोलनाचा परिणाम अधिक स्पष्ट दिसतो तो ध्रुवाकडे. होल्टन आणि टॅन यांनी १९८० मध्ये दाखवले की विषुववृत्तावर पूर्वीय वारे असताना उत्तर ध्रुवाभोवतीचा हिवाळी भोवरा कमजोर असतो. तो मोडला की स्थितांबर काही दिवसांत तापते, आणि त्या काळात भारताच्या दक्षिण टोकावरच्या इलेक्ट्रोजेटमध्ये चंद्राची भरती एरवीपेक्षा मोठी उमटते. चार्ल्स चेंबर्स यांनी हजारो दिवसांची सरासरी घेऊन वेगळा काढलेला चांद्र फेरा अशा हिवाळ्यांत काही दिवसांच्या नोंदीतच ओळखू येतो.

क्यूबीओच्या जागतिक नोंदवहीत तीन ठिकाणे आहेत. १९५३ पासून पॅसिफिकमधले कँटन बेट, १९६७ पासून मालदीवमधले गान, आणि १९७६ पासून सिंगापूर. या सलग मालिकेत फेरा कधी लांबला, कधी आखूड झाला, पण क्रम कधी चुकला नव्हता. फेब्रुवारी २०१६ मध्ये तो चुकला. पश्चिमी वारे आपल्या गतीने खाली उतरत असताना त्यांच्या मधोमध, सुमारे २३ किलोमीटर उंचीवर, पूर्वीय वाऱ्याचा एक थर उमटला आणि त्याने पश्चिमी थर दुभंगला. तो हिवाळा तीव्र एल निन्योचा होता आणि हा धक्का उत्तरेच्या समशीतोष्ण प्रदेशातून विषुववृत्ताकडे आलेल्या मोठ्या लाटांचा होता, असे विश्लेषणातून दिसले. २०१९-२० मध्ये पुन्हा असाच व्यत्यय आला, या वेळी दक्षिण गोलार्धातून. दोन्ही खेपांना काही महिन्यांनी वारे आपल्या क्रमावर परतले. सिंगापूरहून फुगे रोज उडतात, तिरुनेलवेलीत वारा मोजला जातो, आणि अलिबागला शांत दिवसांचा चढउतार १९०४ पासून अखंड टिपला जात आहे.